"भट्टी आयुष्यात पाहिलेली नाही" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वितळलेलं लोखंड अ‍ॅल्युमिनावर (म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर) अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसतं असं मी आधीच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं, त्यावर तुम्ही भट्टीच्या आतल्या अस्तराबद्दल, म्हणजे लायनिंगबद्दल, म्हणता, "मग लायनिंग खातं कोण? गुगलवरून उचललेलं दिसतंय, भट्टी आयुष्यात पाहिलेली नाही."

आधी माझी चूक. लोखंडाचा मेल्टिंग पॉइंट १५३८ अंश सेल्सिअसऐवजी १३५८ टाइप झाला होता, तो दुरुस्त केलाय, दाखवून दिलंत त्याबद्दल आभार.

पण भट्टी पाहिलेली नाही हे कशावरून ठरवलंत? रबाळेच्या एका फाउंड्रीत मी नऊ वर्षं मेल्टिंगला होतो, कळव्याहून ठाण्याला येऊन ट्रान्सहार्बरची पहिली लोकल पकडायचो आणि घरी परतायचो तेव्हा पोरगी झोपलेली असायची. एकदा मालकांनी क्रशरच्या जॉ प्लेटची ऑर्डर घेतली, १२ टक्के मँगनीजचं स्टील, आणि भट्टीत लायनिंग सिलिकाचं. मी म्हटलं साहेब, याला मॅग्नेशियाचं (मॅग्नेशियम ऑक्साइडचं) लायनिंग लागेल. ऐकलं नाही. चार हीट, म्हणजे चार वेळा भट्टी भरून वितळवून झाल्या, भट्टी गार झाल्यावर मी स्वतः छिन्नी घेऊन आत वाकलो तर स्लॅग लाइनला (धातूवर तरंगणारी मळी, म्हणजे स्लॅग, भिंतीला लागते तिथे) तीन बोटं मावतील एवढी खाच आणि भिंतीवर तपकिरी काचेसारखा चकचकीत थर, नखाने खरवडला तर निघत नव्हता. मँगनीज सिलिकातला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचं ऑक्साइड होतं, ते उरलेल्या सिलिकात मिसळून कमी तापमानाला वितळणारा स्लॅग बनतो, तो वाहून गेला की खालचा ताजा सिलिका उघडा. असं खातं लायनिंग. हे मला गुगलने नाही सांगितलं, मी ते हाताने खरवडलंय. आणि तुम्ही मला विचारता!

बरं, मी पोस्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की तो १३० अंशांच्या आसपासचा कोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो; ९० च्या वर म्हणजे थेंब पसरत नाही) शुद्ध लोखंड, शुद्ध अ‍ॅल्युमिना आणि आरगॉनमधला आहे, लोखंडात ऑक्सिजन विरघळला की पृष्ठताण उतरतो, थेंब पसरायला लागतो आणि अ‍ॅल्युमिनाशी मिळून हर्सिनाइटचा (लोखंड-ॲल्युमिनियमच्या संयुक्त ऑक्साइडचा) थरही बनू शकतो. वेटिंग (थेंब पसरून चिकटणं) नाही म्हणजे रिअ‍ॅक्शन नाही असं मी कुठे म्हटलंय ते दाखवा. तिसरा परिच्छेद वाचला असतात तर अर्धी प्रतिक्रिया लिहावीच लागली नसती.

ग्रॅफाइटला लोखंड चिकटतं, कार्बन विरघळतो, हे कोण नाकारतंय? तो या लेखाचा विषयच नव्हता. मॅग्नेशिया महाग पडतं हेही मान्य, पण खर्चाचं गणित इथे नको.

तुम्ही मेटलर्जीचे इंजिनिअर आहात, घोडबंदरला राहता असं लिहिलंय, म्हणजे फार लांबचे नाही आपण. चूक दाखवा, मी दुरुस्त करेन, आजही केलीच. पण ज्या कामात माझं मनगट भाजलं ते मी केलंच नाही असं चारचौघांत लिहू नका, ते मला लागलं.