परराज्यातला म्हणून किती पिळणार?

यंदाही एल्कच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या हरणाच्या, शिकार परवान्याच्या सोडतीत नंबर लागला नाही. रायफल तेलपाणी करून ठेवली होती, ती पुन्हा कपाटात. मोंटाना राज्यात परराज्यातल्यांना एल्कचे कॉम्बिनेशन परवाने (एल्कसोबत पक्ष्यांची शिकार आणि मासेमारीही धरलेले) १७,०००, आणि अर्ज देशभरातून! नंबर लागलाच तर हजार डॉलरच्या वर मोजा. तिथल्या रहिवाशाला त्याच एल्कसाठी शंभरही लागत नाहीत.

स्थानिकांना थोडं झुकतं माप द्या, माझी ना नाही. पण इतकं? सत्तरच्या दशकात तिथे रहिवाशाला ९ डॉलर, बाहेरच्याला २२५. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७८ मध्ये कोर्टानेही राज्याचीच बाजू उचलून धरली. अहो, एल्क राज्याचा असेल, पण तो चरतो ते राष्ट्रीय जंगल केंद्राचं आहे. त्यासाठी माझाही कर जातो ना!

शेजारच्या वायोमिंग राज्याची तर वेगळीच तऱ्हा. वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे रस्ते-गाड्यांना बंदी असलेल्या केंद्राच्या राखीव रानात, मी पाठीला सॅक लावून आठवडाभर एकटा भटकलो तर चालतं. एल्कच्या शिकारीला गेलो की मात्र गाइड नाहीतर तिथला रहिवासी सोबत हवाच. डोंगर तोच, अस्वलं तीच, मग रायफल हातात आली की मी वाट चुकतो का?