तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रंही सांगायला हवीत

क्युबात सोव्हिएत संघाने ठेवलेल्या क्षेपणास्त्रांवरून १९६२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्यात जो पेच झाला, त्यावरचा लेख मनापासून आवडला, पण ‘केनेडी ठाम राहिले म्हणून ख्रुश्चेव्ह यांनी क्युबातून माघार घेतली’ हे वाक्य अर्धंच सत्य सांगतं. २७ ऑक्टोबर १९६२ च्या संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले. तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर ही अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं काही महिन्यांत हलवू, असं तोंडी आश्वासन त्यांनी दिलं; मात्र याची कुठे वाच्यता करायची नाही. एप्रिल १९६३ पर्यंत ती खरोखर हलली. म्हणजे देवाणघेवाण झाली होती, आणि ती झाकून ठेवल्यामुळेच जगाला एक विजेता आणि एक पराभूत दिसला. ज्यांच्या बेटावरून हे सगळं पेटलं त्या क्युबाच्या कॅस्ट्रोंना तर कुणी विचारलंही नाही.

आपलं सगळं लक्ष तेव्हा नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाखकडे होतं (चीनचा हल्ला २० ऑक्टोबरचा), म्हणूनही असेल, आपल्याकडे हा भाग फारसा बोलला जात नाही.

सोव्हिएत नौदल अधिकारी वासिली आर्खिपोव्ह यांचं नाव लेखात नाही याचं मात्र वाईट वाटलं. त्याच २७ तारखेला बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीवर, वर अमेरिकी नौका स्फोटकं टाकत असताना, अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो डागायला त्यांनी संमती दिली नाही. कृपया त्यांच्यावर स्वतंत्र लिहा.