नळापर्यंतचा रस्ता

मला फुलपाखरं हवी होती, बस्स. सकाळी चहा घेऊन मागच्या दारी बसावं, एखादं फुलपाखरू यावं, त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकावा, इतपतच माझं निसर्गप्रेम. नर्सरीतल्या बाईंना तसं सांगितलं तर त्यांनी माउंटन मिंटचं वीतभर रोप हातात ठेवलं. म्हणाल्या, "इथलं, अमेरिकेचंच झाड आहे. हरणं तोंड लावत नाहीत. थंडीत वाळलं तरी वसंतात पुन्हा फुटतं. लावा आणि विसरून जा."

मी लावलं. पाणी घालायला सोपं म्हणून नळाशेजारी लावलं. आणि विसरलो.

पहिल्या वर्षी ते अंग चोरून बसलं होतं. तिसऱ्या वर्षी कमरेएवढं झालं आणि जमिनीखालून हातपाय पसरत त्याने नळाला वेढा घातला. 'भटाला दिली ओसरी' असं म्हणणार होतो, पण इथे भट कोण? ते इथलं मूळचं, बाहेरून आलेला मी. आता दर वसंतात कुदळीने कडेचे फुटवे तोडतो आणि शेजाऱ्यांना वाटतो. हल्ली मी कुदळ उचलली की शेजारी गॅरेजचं दार लावून घेतात.

बायकोने त्याचा चौकोनी देठ बोटांत फिरवला, पान हुंगलं आणि म्हणाली, "अगं बाई, पुदिनाच की हा!" खानदान तेच, पण हे फक्त किड्यांचं हॉटेल.

जुलैत ते फुललं. फुलं इतकी बारीक की चष्मा शोधावा लागतो. शर्टाच्या गुंडीएवढ्या गेंदावर चार-पाच पांढऱ्या पाकळ्यांचे तुकडे आणि त्यांवर जांभळे ठिपके. मिरवतात ती खालची पानं, पिठी भुरभुरल्यासारखी चंदेरी. पण गिऱ्हाईक विचारू नका! मधमाश्या, भुंगेरे, हिरव्या माश्या, आणि नारिंगी पायांची, पेरभर लांबीची एक गांधीलमाशी. ही मातीत बीळ खणते आणि नाकतोड्यांच्या जातीचे किडे बधिर करून पिल्लांसाठी आत साठवते. एकटीच राहते, राखायला पोळं नाही, त्यामुळे उगाच कुणाला डसत नाही. हे सगळं मला तोंडपाठ आहे. माझ्या पायांना नाही. नळापाशी पोचलो की ते आपणहून मागे वळतात.

फुलपाखरं? दोन आली होती म्हणे. तेव्हा मी खिडकीमागे होतो.

शेवटी तोडगा काढला: पहाटे जायचं. गारठ्यात किडे सुस्त असतात. परवा उजाडायच्या आत झारी घेऊन चोरपावलांनी गेलो. गेंदागेंदावर केसाळ भुंगे रात्रीचे मुक्कामाला होते, पाहुणे सतरंजीवर झोपावेत तसे. फांदी हळूच बाजूला केली. त्यावरच्या भुंग्याने डोळे उघडले असं म्हणता येत नाही, पण मधला एक पाय सावकाश वर उचलला आणि तसाच धरला. भुंग्यांच्या भाषेत ही 'लांब राहा' अशी ताकीद असते.

"झोपा, झोपा," मी म्हणालो आणि रिकामी झारी घेऊन परत आलो.