झोप नेमकी कुणाची उडाली?

गेल्या आठवड्यात निपाणीच्या भाच्यानं एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरं काय ओ?" तोच मेसेज आमच्या शहापूरच्या गल्लीच्या ग्रुपवर आधीच दोनदा येऊन गेला होता, एकदा कन्नडमधून, एकदा मराठीतून. मथळा होता 'जेम्स वेब दुर्बिणीनं नासाच्या शास्त्रज्ञांची झोप उडवली!' खाली पाच दावे. बिग बँग, म्हणजे विश्वाची सुरुवात ज्यातनं झाली असं मानतात तो महास्फोट, झालाच नाही. विश्वाचं वय दुप्पट निघालं, २६.७ कोटी वर्षं. वेबचे फोटो रंगवलेले, म्हणजे बनावट. एका ग्रहावर जीव सापडलाय, पण लपवून ठेवलाय. आणि आपले कोल्हापूरचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे सगळं आधीच सांगत होते.

शाळेतनं निवृत्त झालो तरी खोड जात नाही. भाच्याला फोनवर पाऊण तास धरून ठेवला.

आधी त्या झोपेचं बघू, कारण तिला खरोखरच मूळ आहे. जुलै २०२२ मध्ये अंतराळातल्या या वेब दुर्बिणीची पहिली चित्रं आली. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या खगोलशास्त्रज्ञ ॲलिसन कर्कपॅट्रिक 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाशी बोलताना म्हणाल्या, की रात्री तीन वाजता जाग येते आणि आपण आजवर केलेलं सगळं चुकलं की काय असं वाटतं. विषय होता सुरुवातीच्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, कशा घडल्या याचा. पुढच्याच महिन्यात एरिक लर्नर या बिग बँगच्या जुन्या विरोधकानं ते वाक्य उचलून आपल्या लेखात चिकटवलं. बाईंनी जाहीर हरकत घेतली, इतकी की ट्विटरवर आपल्या नावातच 'बिग बँग झाला' हे शब्द घातले. म्हणजे झोप उडाली ती खरी, पण कशानं उडाली ते फॉरवर्ड करणाऱ्यांनी खाऊन टाकलं.

आता बिग बँग. मेसेज म्हणतो, वेबला इतक्या दूरच्या आणि इतक्या मोठ्या दीर्घिका दिसल्या की बिग बँग खोटा ठरला. दूरच्या दिसल्या हे अगदी खरं. आणि जितकं दूर तितकं जुनं, कारण तिथला प्रकाश इथं पोचायला तितका काळ लागतो. २०२५ मध्ये जाहीर झालेली 'मॉम-झेड१४' ही दीर्घिका बिग बँगनंतर सुमारे २८ कोटी वर्षांनीची आहे. पण ती इतकी दूर आहे हे कळलं कसं? तिच्या प्रकाशातली हायड्रोजनची खूण मुळात ०.१२ मायक्रॉन लांबीच्या लहरीला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असायला हवी, ती ताणून ताणून १.९ मायक्रॉनच्या आसपास गेलेली सापडली. पंधरा पटींहून जास्त ताण. यालाच ताम्रसृती म्हणतात, आणि हा ताण पडतो विश्व प्रसरण पावतंय म्हणून. प्रसरणाचं गणित वापरून दीर्घिका दूर आहे म्हणायचं आणि त्याच दमात प्रसरणाची गोष्ट खोटी म्हणायची, हे म्हणजे शिडीवरून माडीवर चढून शिडी नव्हतीच म्हणून सांगणं झालं.

शिवाय वेबला बिग बँग दिसतच नाही. तिची नजर पोचते ती २८-३० कोटी वर्षांनंतरच्या काळापर्यंत. बिग बँगचा भक्कम पुरावा आहे सूक्ष्मलहरींचं प्रारण, म्हणजे सगळ्या आकाशातनं येणारी त्या काळची मंद ऊब. ते १९६५ मध्ये पेंझियस आणि विल्सन यांना सापडलं आणि ते निघालंय बिग बँगनंतर सुमारे ३.८ लाख वर्षांनी. वेबच्या फोटोंनी त्याला धक्कासुद्धा लागलेला नाही.

मग घोळ कुठे आहे? घोळ दीर्घिकांच्या वाढीत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सहा दीर्घिकांची बातमी आली. बिग बँगनंतर ५० ते ७० कोटी वर्षांतच त्या इतक्या जड दिसत होत्या की गणितात बसेनात. सहावीच्या वर्गात एखाद्या पोराला मिसरूड फुटलेली दिसली की मास्तर चक्रावतोच. जन्मतारीख चुकीची लिहिली काय, घराण्यातच अशी वाढ आहे काय, का मिसरूड नसून तोंडाला शाई लागलीय? पण हे पोर जन्मलंच नाही असं कुणी म्हणत नाही. इथंही बऱ्यापैकी शाईच निघाली. काही दीर्घिकांच्या पोटातल्या कृष्णविवराभोवतीचा तापलेला वायू इतका झगझगतो की तो सगळा प्रकाश ताऱ्यांचाच धरला तर दीर्घिका फुगवून मोजली जाते. ते वजा केलं तरी त्या काळात अपेक्षेपेक्षा जास्त मोठ्या दीर्घिका उरतातच. तारे त्या वेळी भराभर, उसळ्या मारत जन्मत होते काय, धूळ कमी होती काय, यावर काम चालू आहे. मला स्वतःला ही गोष्ट फॉरवर्डपेक्षा कितीतरी रंगतदार वाटते.

दुसरा दावा वयाचा. ओटावा विद्यापीठातल्या राजेंद्र गुप्ता यांचा २०२३ चा एक शोधनिबंध आहे, त्यात आकडा आहे २६.७ अब्ज. अब्ज, कोटी नव्हे. भाषांतर करणाऱ्यानं एक शून्य नव्हे, दोन शून्यं गिळली. २६.७ कोटी वर्षांचं विश्व म्हणजे आपल्या गोकाकच्या धबधब्याखालचा दगडसुद्धा विश्वापेक्षा म्हातारा! गुप्तांची मांडणी एकट्याची आहे, बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी ती स्वीकारलेली नाही. प्लँक उपग्रहाच्या मोजणीतनं आलेले १३.८ अब्ज अजून जागेवर आहेत. पण गंमत पुढे आहे. गुप्तांच्या विश्वालाही सुरुवात आहे, म्हणून तर त्याला वय आहे. पहिल्या दाव्यात सुरुवातच नाही आणि दुसऱ्यात तिची तारीख. मेसेज लिहिणाऱ्यानं आपलाच मेसेज वाचलेला नाही.

फोटो रंगवलेले? होय, रंग दिलेले आहेत आणि ते कुणी लपवलेलं नाही. भाच्याला म्हटलं, टीव्हीचा रिमोट घे, मोबाईलचा पुढचा कॅमेरा चालू कर आणि रिमोटचं टोक कॅमेऱ्याकडे धरून बटण दाब. फोनवर थोडा वेळ शांतता. मग, "मामा, जांभळट चमकतंय की!" डोळ्यांनी बघ म्हटलं. "काहीच नाही." त्या टोकातनं अवरक्त प्रकाश निघतो, तो आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो आणि तो त्याला जवळचा एखादा रंग देऊन टाकतो. जांभळा खोटा, पण चमक खरी, बटण दाबल्याशिवाय येत नाही. वेब जवळजवळ सगळं अवरक्तातच बघते. त्यातली आखूड लहर निळी, लांब लहर लाल, अशा क्रमानं रंग लावतात. ताऱ्यांना फुटलेली टोकं, सहा मोठी आणि आडवी दोन बारीक, ती आरशाच्या षटकोनी तुकड्यांमुळे आणि समोरच्या आरशाला धरणाऱ्या दांड्यांमुळे येतात. बनावट करणाऱ्यानं ती मुद्दाम कशाला काढली असती?

जीव सापडल्याचा दावा 'के२-१८बी' या ग्रहाबद्दल आहे. सिंह राशीतल्या एका लहान ताऱ्याभोवती तो ३३ दिवसांत फिरतो, १२४ प्रकाशवर्षं दूर. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं त्याच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडसारख्या वायूची खूण दिसल्याचं सांगितलं. लपवलं कुठलं, जगभर मथळे झाले! पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे हवेत येतो. कोबी शिजताना घरभर जो वास सुटतो, त्यातही हा असतो. पण ती खूण निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता हजारात तीन होती. ऐकायला ही किरकोळ वाटते, पण शोध लागला म्हणायला या शास्त्रात दहा लाखांत एकाहूनही कमी लागते, आणि त्या गटानंही जीव सापडला असं म्हटलेलं नव्हतं. दुसऱ्या गटांनी तीच आकडेवारी तपासली तेव्हा खूण ठामपणे मिळेना. वर हाच वायू एका धूमकेतूवरही आढळलाय, आणि तिथे कोण कोबी लावणार!

राहिले नारळीकर. हा दावा मला सगळ्यात जास्त लागला. मे २०२५ मध्ये ते गेले. बिग बँगवर त्यांची शंका होती हे शंभर टक्के खरं. हॉइल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी १९९३ मध्ये पर्यायी मांडणीही केली, समीकरणांनिशी, छापून, लोकांनी खोडून काढावं म्हणून समोर ठेवून. बहुतेकांना ती पटली नाही. पण त्या विश्वातही दीर्घिका एकमेकींपासून दूर जातातच, आणि त्याला सुरुवात नसल्यामुळे वयही नाही, ना १३.८ ना २६.७. त्यांचं नाव खाली घातलं की वरचे चार दावे आपोआप खरे होतात असा काही नियम नाही.

भाच्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तो ग्रह तुमच्या दुर्बिणीतनं दिसतोय काय? म्हटलं, ग्रह सोड, त्याचा तारासुद्धा माझ्या तीन इंची दुर्बिणीत येत नाही. फेब्रुवारीत ये, जांबोटीच्या बाजूला अंधारात जाऊ. "काहीच दिसणार नसेल तर येऊन करायचं काय ओ?" मृगात, तीन ताऱ्यांच्या जरा खाली, धुक्यासारखा एक ठिपका दिसतो. तारे तिथं आजही जन्मतायत, आणि तो बघायला दुर्बीणसुद्धा लागत नाही. येतो म्हणालाय. स्वेटर आण म्हटलंय.