पोरगं बिघडवायची सोपी पद्धत

गावातलं एखादं पोरगं सरळ चाललेलं तुम्हाला बघवत नसेल, तर जीव जाळू नका. रॉबर्ट मर्टन नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1938 सालीच सगळी कृती मांडून ठेवलीय. स्वप्न सगळ्यांना सारखं वाटायचं, वाटा मात्र मोजक्यांनाच मोकळ्या ठेवायच्या. पुढचं काम ताण करतो.

स्वप्नाचं खातं आपल्याकडं स्टँडसमोरच्या बॅनरकडं आहे. काळा गॉगल, पांढरी स्कॉर्पिओ, 'भावी' काहीतरी. पोरगं ते रोज बघतं. त्याचा बाप दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातो. आता पोराला डी.एड. करायला लावा. ते झालं की पोलीस भरतीसाठी 1600 मीटर पळवा. जागा निघेपर्यंत वय मोजत बसू द्या.

काही पोरं नुसते फॉर्म भरत राहतात, काही टाकीमागं बाटलीला लागतात. मर्टननं असे पाच प्रकार सांगितलेत. आपल्या कामाचा एकच: स्वप्न तेच, रस्ता दुसरा. म्हणजे गोदावरीच्या पात्रात रात्रीचा चोरट्या वाळूचा हायवा.

पण लोक काय म्हणतील, ही भीती मधे येते. ती आधी मोडा. सप्ताहाच्या पत्रिकेवर वाळूवाल्याचं नाव 'अन्नदाते' म्हणून ठळक छापा, काल्याच्या कीर्तनाला त्याला पुढं बसवून शाल-नारळ द्या. त्याला पाढे शिकवलेले गुरुजी बसतील की मागं, सतरंजीच्या कडेला, चपलांजवळ. पैसा आला कुठून, हे महाप्रसादाच्या पंगतीत काढायचं नाही. वरण वाढा म्हणायचं. हावेला लगाम घालणारे नियम असे सैल पडले की त्याला फ्रान्सचा समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम 'अ‍ॅनोमी' म्हणायचा. आपण वट म्हणतो.

एक अडचण राहतेच. एवढं करूनही बहुतेक पोरं बिघडत नाहीत, मुकाट बापामागं फडात जातात. (माझाही यावर बरेचदा हिरमोड झालाय.) त्यावर अमेरिकेतल्याच समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅग्न्यूनं 1992 मध्ये तोड काढली: नुसती पैशाची ओढाताण पुरत नाही, अपमान पाहिजे, त्यातून राग पाहिजे. तेव्हा मावसबहिणीच्या लग्नात, चारचौघांत, पोराच्या हातात वाढायची बादली असताना मोठ्यानं विचारा, "काय करायलास सध्या?" उत्तराची वाट बघू नका. लगेच शेजारच्याला सांगा, "पुण्यात फ्लॅट असल्याबिगर पोरगी देऊ नका."

पुढं कधीतरी दारात पोलिसांची जीप येईल. तेव्हा पारावर बसून "घरातच वळण नव्हतं" म्हणा, तंबाखू मळा, आणि समोरून त्याचा धाकटा भाऊ चालला असेल तर त्याला हाक मारा, "तू रे बापू? तू काय करायलास सध्या?"