इतिहास विकत घेतलात ना? मग आपटा!

अभिनंदन! जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या शर्यतीत उतरायचं ठरवलंत, म्हणजे पैसा, शनिवार-रविवार आणि घरच्यांची सहनशक्ती या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे मुबलक असणार. मी नऊ वर्षं इंग्लंडात हाच उद्योग करतोय, १९६४ सालच्या एका एमजीबीचा, म्हणजे छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा, एक तृतीयांश मालक म्हणून. (दुसरा हिस्सा कोल्हापूरच्या एका डेंटिस्टचा, तिसरा एका निवृत्त मास्तरांचा.) गेल्या शनिवारी या विषयातलं माझं ज्ञान एका फटक्यात वाढलं. ते नुसतं पोटात ठेवणं बरं नाही, म्हणून चार सूचना.

सुरुवात कपड्यांपासून करा. इंग्लंडातल्या गुडवुड ट्रॅकवर ‘रिव्हायव्हल’ नावाचा जुन्या गाड्यांच्या शर्यतींचा मेळावा भरतो. तिथे १९४८ ते १९६६ या काळातल्या गाड्या धावतात आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, माणसंही त्याच काळातली दिसावी लागतात. तिथे बोलावणं येईल तेव्हा येईल, पण ट्वीडचा कोट आणि चपटी टोपी आत्ताच शिवून घ्या. गाडी चालवणं नंतर शिकता येईल. नाही शिकलात तरी फारसं कुणी विचारत नाही.

गाडी घेताना ‘ही खरी का?’ असला कोता प्रश्न विचारू नका. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेली बेंटली ‘ओल्ड नंबर वन’ १९९० मध्ये लंडनच्या हायकोर्टात गेली होती. मूळचं त्यात जवळपास काहीच उरलेलं नव्हतं, पण तिचा प्रवास कुठे तुटलेला नाही, म्हणून गाडी तीच, असा निकाल लागला. आपल्याकडे यात नवल वाटायचं कारण नाही. पुण्यात वाडा पाडून सात मजले चढवतात आणि फाटकावर पाटी जुनीच ठेवतात. त्याहून सोपं हवं असेल तर थेट कारखान्यातून नवी कोरी जुनी गाडी घ्या. जॅग्वारने १९६३ मध्ये आपल्या ई-टाइप या स्पोर्ट्स गाडीच्या हलक्या आवृत्तीसाठी १८ चासी नंबर राखून ठेवले होते, गाड्या झाल्या १२. उरलेल्या सहा बांधायला घेतल्या २०१४ मध्ये, म्हणजे जॅग्वार आपल्या टाटांची झाल्यावर. पन्नास वर्षं उशिरा ताबा मिळाला म्हणून कुणी कुरकुरल्याचं ऐकिवात नाही. बिल्डर लोकांनी नोंद घ्यावी.

इंजिनाबद्दल कागदपत्रांत जे लिहिलंय, ते कागदपत्रांतच राहू द्या.

आरसे लावा. नियम आहे. बघायचे असतात असं कुठे लिहिलेलं नाही.

धोक्याचा पिवळा झेंडा दिसला की वेग वाढवा. बाकीचे सगळे वेडे हळू करतात, तेवढ्यात दोन गाड्या मागे टाकता येतात.

आता ब्रेक. हा विषय जरा सविस्तर सांगतो, कारण ताजा आहे.

एमजीबीला पुढे डिस्क, मागे ड्रम. इंजिन १७९८ सीसी, कारखान्यातून निघाली तेव्हा ९५ हॉर्सपॉवर. टायर त्या काळच्या नक्षीचे, अरुंद, वळणात गाडी जराशी तिरपी सरकवत न्यावी लागते. हीच तर मजा! साहजिकच आम्ही लवकर ब्रेक मारतो. तुम्ही मारू नका. तुमच्याकडे ४.७ लिटरचं अमेरिकन व्ही-८ आहे, पुढच्या सरळ रस्त्यावर तुम्ही आम्हाला असंही सात-आठ सेकंदांत गिळणार. पण तेवढं थांबायचं कशाला? उजवीकडचं हेअरपिन वळण येतंय, पुढचा बावळट वळायला लागलाय, आतल्या बाजूला दीड गाडीची जागा दिसतेय. घाला!

गेल्या शनिवारी अशाच एका व्ही-८वाल्याने घातली. इंग्लंडातल्या गाडीत ड्रायव्हर उजवीकडे बसतो, आणि उजव्या वळणाची आतली बाजू म्हणजे उजवीच. १९६४च्या गाडीच्या दारात काय असतं? एक काच, ती वरखाली करायची यंत्रणा आणि बाकी हवा. त्याचं नाक आणि माझ्या बरगड्या यांच्यामध्ये रोल केजची, म्हणजे गाडीतल्या संरक्षक पिंजऱ्याची, एक नळी होती. तिचे उपकार. गाडी दोनदा गरगरली, उलट्या दिशेला तोंड करून थांबली आणि समोरून सगळी शर्यत माझ्या अंगावर यायला लागली. झेंडा हलवत कठड्यापाशी उभी होती एक बाई, पासष्टीच्या पुढची, नारिंगी कपड्यांत, सकाळपासून पावसात. हे मार्शल लोक एक पैसा घेत नाहीत. सगळे शेजारून निघून गेले ते तिच्यामुळे.

संध्याकाळी हा गृहस्थ आमच्या निळ्या ताडपत्रीखाली आला. त्याच्याकडे गालिचा अंथरलेला तंबू आणि चार मेकॅनिक, आमच्याकडे घडीच्या खुर्च्या आणि थालीपिठांचा डबा. हातात वाइनचा ग्लास. म्हणाला, ‘दॅट्स रेसिंग, ओल्ड बॉय.’ वर म्हणे मी वळणात ‘अनपेक्षितपणे’ हळू झालो. वळणात! चोराच्या उलट्या बोंबा दुसऱ्या कशाला म्हणतात? आयोजकांनी त्याला बोलावून समज दिली. समज! ती आधी असती तर द्यावी कशाला लागली असती?

दाराला त्याचा लाल रंग लागला होता. नखाने खरवडला तर खाली आमचा हिरवा, त्याखाली आधीच्या कुणाचा तरी पांढरा आणि अगदी तळाशी कारखान्याचा मूळ फिकट निळा. नऊ वर्षांत तो निळा मी पहिल्यांदा पाहिला. मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, ‘हँडल तेवढं वाचलंय.’ कारण १९६५च्या आधीच्या एमजीबीला बाहेर ओढायचं हँडल असतं, पुढे कंपनीने ते बदललं. आख्खी नवी बॉडी आजही करून मिळते, पण त्या हँडलचं बरं दार शोधायला भंगारवाल्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

तर सूचना क्रमांक... जाऊ द्या. सूचना खड्ड्यात गेल्या.

इंग्लंडचे नामवंत रेसिंग ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस, हे नाव ऐकलंय का? तुमच्या टोपीवर त्यांची सही आहे, म्हणून विचारतो. २३ एप्रिल १९६२ला गुडवुडच्या सेंट मेरीज वळणावर त्यांची गाडी मातीच्या बांधावर आदळली. महिनाभर शुद्ध नव्हती. पुढे म्हातारपणी ते जुन्या गाड्या पळवायचे, हौसेने. २०११ मध्ये ल माँला, वयाच्या ८१व्या वर्षी, पात्रता फेरीत त्यांना स्वतःच्याच चालवण्याची भीती वाटली. त्याच दिवशी थांबले. आपली दुसऱ्यांना अडचण व्हायला लागली तर थांबायचं, हे त्यांचं आधीपासून ठरलेलं होतं. मॉससारख्या माणसाला भीती वाटते आणि तुम्हाला वाटत नाही? लाज तरी वाटते का? अहो, पुढच्या पत्र्याच्या आत माणूस बसलेला असतो. त्याने त्या गाडीसाठी कर्ज काढलेलं असतं, सुट्ट्या जाळलेल्या असतात, आणि त्याला सोमवारी ऑफिसला जायचं असतं. ब्रेक मारता येत नसेल तर शिका. शिकवणारे आहेत, तुमच्या एका टायरच्या पैशांत शिकवतील. शिकायचं नसेल तर गाडीवर मखमली कव्हर घाला आणि पाहुण्यांना दाखवा, पण ट्रॅकवर येऊ नका. आमच्या वळणात तर मुळीच येऊ नका.

आणि ते बिल. ‘पाठवून दे’ म्हणाला होतात ना? रविवारी पाठवलंय, मंगळवारी पुन्हा पाठवलंय.