फोटोग्राफीचा शोध थर्मामीटर फुटून लागला नाही, आणि तो ‘प्रयोग’ कृपा करून घरी करू नका

परवा संध्याकाळी भाची घरी आली आणि चप्पल काढता काढताच आजीला म्हणाली, “आजी, तो जुना काचेचा थर्मामीटर आहे ना गं अजून? आणि देवघरातली चांदीची वाटी एक दिवस दे.” सातवीत आहे. नात मागतेय म्हटल्यावर आईने कपाटाच्या वरच्या खणातून थर्मामीटर काढलाही. मी तेव्हा घरात होतो हे नशीब. कशाला हवाय म्हणून विचारलं, तर तिने ताईचा मोबाइल माझ्यापुढे धरला. “मामा, फोटोचा प्रयोग आहे. वर्गाच्या ग्रुपवर आलाय.”

तो मेसेज माझ्या ओळखीचा आहे. 19 ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो, त्याच्या आगेमागे तो दरवर्षी फिरतो. आमचा सांगलीत वडिलांच्या वेळेपासून फोटो स्टुडिओ आहे, त्यामुळे मला तो चार ठिकाणांहून येतो आणि आजवर मी तो न बोलता पुढे सरकवत आलो. ती माझी चूक झाली. यंदाच्या मेसेजला ‘मुलांसोबत घरच्या घरी करून पाहा’ असं एक शेपूट जोडलेलं आहे आणि ते माझ्या घरापर्यंत पोचलं आहे.

मेसेज थोडक्यात असा. फ्रान्सच्या लुई दागेर या चित्रकाराने एकट्याने 19 ऑगस्ट 1839 रोजी फोटोग्राफीचा शोध लावला. कपाटात थर्मामीटर फुटला, पारा सांडला, आणि सकाळी कोऱ्या प्लेटवर चित्र उमटलेलं दिसलं. निएप्स नावाचा त्याचा एक मदतनीस होता, तो काम अर्धवट सोडून गेला. जगातला पहिला फोटो 8 तासांत निघाला. ‘फोटोग्राफी’ हा शब्दही दागेरचाच. आणि फ्रान्सने हा शोध साऱ्या जगाला फुकट दिला. मग खाली प्रयोग: जुन्या थर्मामीटरमधला पारा वाटीत काढा, मंद आचेवर ठेवा, वर चांदीची वाटी पालथी धरा आणि जादू पाहा.

आधी या प्रयोगाबद्दल बोलतो. बाकीचं चुकलं तर परीक्षेत एक मार्क जाईल. हे चुकलं तर पोराच्या जिवाशी खेळ आहे.

पारा तापवला की त्याची वाफ होते. ती दिसत नाही, तिला वास नाही. श्वासातून फुप्फुसात जाते, तिथून रक्तात, आणि मेंदू, मज्जासंस्था, मूत्रपिंड यांना इजा करते. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त. बंद स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीपाशी वाकून उभं असलेलं सातवीतलं मूल डोळ्यांसमोर आणा. त्या वाफेतून कोणतीही जादू दिसणार नाही, कारण साध्या चांदीच्या वाटीवर उमटण्यासारखं काही नसतंच. फार तर पारा चांदीला चिकटून वाटीवर पांढरट डाग पडेल आणि ती वाटी कायमची वाया जाईल.

दागेरची खरी रीत अशी होती. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा. तो आरशासारखा होईपर्यंत घासायचा. मग अंधारात आयोडीनच्या वाफेवर धरायचा, म्हणजे चांदीवर सिल्व्हर आयोडाइडचा सोनेरी-पिवळा थर येतो. हा थर उजेडाला संवेदनशील. ती प्लेट कॅमेऱ्यात घालून उजेड दाखवायचा. बाहेर काढल्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग बंद पेटीत प्लेट तिरकी ठेवून खाली पारा स्पिरिटच्या दिव्यावर साधारण 60 अंशांपर्यंत तापवायचा. जिथे उजेड लागला तिथेच पाऱ्याची वाफ चांदीशी मिळते आणि चित्र उमटतं. शेवटी प्लेट धुऊन उरलेला थर काढून टाकायचा. एवढा सगळा खटाटोप गाळून मेसेजवाल्याने फक्त पारा आणि चांदी ठेवली, म्हणजे नेमकी विषारी गोष्ट ठेवली आणि फोटो काढून टाकला.

घरात पाऱ्याचा थर्मामीटर फुटलाच, तर झाडू फिरवू नका. थेंबाचे शंभर बारीक थेंब होतात आणि फरशीच्या फटीत जाऊन बसतात. व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, हातातली अंगठी-बांगडी काढून ठेवा, जाड कार्डाने थेंब एकत्र ढकलून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. मोरीत ओतू नका.

आता त्या गोष्टीकडे. दागेरने 1839 साली आपल्या पद्धतीचं सविस्तर पुस्तक स्वतःच छापलं. आयोडीनची पेटी, पाऱ्याची पेटी, प्लेट कशी घासायची, सगळं आकृत्यांसह. त्यात फुटलेला थर्मामीटर कुठेही नाही. थर्मामीटर आहे, पण तो पाऱ्याच्या पेटीला बाहेरून लावलेला, आतला पारा किती तापला हे कळायला. माझा अंदाज आहे की तिथूनच कुणीतरी पुढे ही फुटण्याची गोष्ट रचली. अपघाताने शोध लागला म्हटलं की ऐकायला बरं वाटतं. पण वर्षानुवर्षं एकेक रसायन घासून बघणाऱ्या माणसांच्या मेहनतीवर त्यामुळे पाणी पडतं.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. अदृश्य चित्र पाऱ्याच्या वाफेने दृश्य करायचं, हे दागेरचंच. त्यामुळे तासांचं काम मिनिटांवर आलं. ते झालं नसतं तर त्याच्या पद्धतीने समोर माणूस बसवून फोटो काढणं जमलं नसतं. पॅरिसच्या एका हमरस्त्याचा त्याने 1838 च्या सुमारास घेतलेला फोटो प्रसिद्ध आहे. येणारीजाणारी माणसं आणि घोडागाड्या त्यात उमटल्याच नाहीत, पण कोपऱ्यात एक माणूस पाय पुढे करून बूट पॉलिश करून घेत उभा आहे. तो हलला नाही म्हणून राहिला. एवढं श्रेय त्याचं आहे आणि ते त्याला द्यायलाच हवं.

पण ‘एकट्याने’? आणि निएप्स ‘मदतनीस’? इथे माझा संताप होतो, कारण त्याच मेसेजला जो फोटो चिकटवलाय, ‘दागेरने काढलेला जगातला पहिला फोटो’ म्हणून, तो निएप्सचा आहे!

निसेफोर निएप्स 1765 साली सोन नदीकाठच्या शालों या गावी जन्मला. भाऊ क्लोद आणि तो, दोघांनाही यंत्रांचं वेड. 1807 मध्ये दोघांनी मिळून इंजिनाचं पेटंट घेतलं आणि ते इंजिन लावून नदीत होडी चालवून दाखवली. फोटोग्राफीचे निएप्सचे प्रयोग 1816 पासूनचे. कागदावर सिल्व्हर क्लोराइड लावून त्याने कॅमेऱ्यात चित्रं मिळवली, पण ती टिकत नव्हती, उजेडात काळी पडत. तेव्हा त्याने दुसरा रस्ता धरला. एका जातीचं नैसर्गिक डांबर लॅव्हेंडरच्या तेलात विरघळवून तो कथलाच्या पत्र्यावर पातळ थर देई. उजेड लागेल तिथे डांबर घट्ट होतं, न लागेल तिथलं तेलाने धुऊन निघतं. आपल्या ल ग्रा या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारी छपरं आणि कबुतरखाना त्याने 1826-27 च्या सुमारास अशा पत्र्यावर घेतला. आकार साधारण 16 बाय 20 सेंटिमीटर. तो पत्रा आज अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात आहे. 1952 मध्ये इतिहासकार हेल्मुट गर्नशाइमला तो इंग्लंडमध्ये एका जुन्या ट्रंकेत सापडला. आपल्याला सगळीकडे दिसतो तो ठिपक्याठिपक्यांचा काळा-पांढरा फोटो त्या पत्र्याच्या प्रतीवर गर्नशाइमने हाताने रंग भरून तयार केलेला आहे. खरा पत्रा हातातल्या आरशासारखा तिरका करून पाहिला तरच चित्र दिसतं.

म्हणजे मेसेज ज्या तारखेला ‘शोध लागला’ म्हणतो, तिच्या बारा-तेरा वर्षं आधीचा हा फोटो आहे.

मदतनीस कोण, हे कागदावर आहे. आधी पत्र दागेरने लिहिलं, 1826 साली, निएप्सला. निएप्स सावध माणूस, बरेच दिवस ताकास तूर लागू देत नव्हता. शेवटी 14 डिसेंबर 1829 ला दोघांनी दहा वर्षांसाठी भागीदारीचा करार केला. निएप्स तेव्हा चौसष्ट वर्षांचा, दागेर बेचाळीसचा. करारात भागीदारीत कोण काय आणतो हे लिहिलंय: निएप्स आपला शोध आणतो, दागेर कॅमेऱ्याची नवी रचना आणि आपले श्रम. निएप्स काम ‘सोडून’ कुठेही गेला नाही. जुलै 1833 मध्ये तो वारला. कर्जात बुडालेला, नाव न झालेला. त्याच्या जागी मुलगा इझिदोर भागीदार झाला.

1837 मध्ये पुन्हा करार झाला. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला वाटतं. दागेरने अट घातली की नव्या पद्धतीला फक्त माझं नाव. पैशाची ओढाताण असलेल्या इझिदोरने सही केली. पण त्याच करारात पुढे असंही आहे की ही नवी पद्धत पहिल्या पद्धतीसोबतच प्रसिद्ध करायची, म्हणजे या शोधात निसेफोर निएप्सचं नाव, ते असायलाच हवं म्हणून, कायम राहील. हा मजकूर कुठे छापलाय? दागेरच्याच 1839 च्या पुस्तकात. निएप्सने स्वतः लिहिलेलं आपल्या पद्धतीचं वर्णनही त्यातच आहे. ज्याला मेसेज एकट्याने शोध लावणारा म्हणतो, त्यानेच आपल्या पुस्तकात दुसऱ्याचा हिस्सा छापून ठेवला आहे. आणखी कोणता पुरावा हवा?

इझिदोरला ते पुरेसं वाटलं नाही. 1841 मध्ये त्याने एक पुस्तिका काढली आणि नावातच लिहिलं की या शोधाला दागेरोटाइप म्हणणं चुकीचं आहे. बापाच्या नावासाठी मुलगा भांडत होता. वडिलांनी उभ्या केलेल्या दुकानात बसणाऱ्या मला ते नीट समजतं.

उरलेले मुद्दे लवकर उरकतो.

19 ऑगस्टला शोध लागला नाही, त्या दिवशी पॅरिसला विज्ञान आणि कला अकादमींच्या संयुक्त सभेत खगोलशास्त्रज्ञ आरागोने पद्धत जाहीर केली. शोध लागल्याची घोषणा त्यानेच 7 जानेवारीला केली होती.

8 तास हा अंदाज होता, कारण त्या फोटोत इमारतींच्या दोन्ही बाजूंना ऊन दिसतं. निएप्सच्या रीतीने पुन्हा प्रयोग करून पाहणाऱ्यांचा हिशेब काही दिवसांपर्यंत जातो.

‘फोटोग्राफी’ हा शब्द दागेरचा नाही, त्याने तर पद्धतीला स्वतःचं नाव दिलं. इंग्रजीत तो शब्द मार्च 1839 मध्ये जॉन हर्शेलने रूढ केला. आपल्या पंचांगात ज्या ग्रहाला हर्षल म्हणतात, तो शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा मुलगा. हायपो नावाच्या रसायनाने चित्र पक्कं करता येतं हेही त्याचंच. आमच्या डार्करूममध्ये वडील लाल दिव्याखाली प्रिंट चिमट्याने उचलून हायपोच्या ट्रेमध्ये सोडायचे. त्या आंबूस वासात मी लहानाचा मोठा झालो.

फुकट दिल्याचं म्हणाल तर तेही अर्धंच. फ्रेंच सरकारने दागेरला वर्षाला 6000 आणि इझिदोरला 4000 फ्रँक पेन्शन देऊन पद्धत खुली केली, हे बरोबर. पण 14 ऑगस्टला, जाहीर करण्याच्या पाच दिवस आधी, दागेरच्या एजंटने इंग्लंडमध्ये पेटंट घेऊन ठेवलं होतं. तिथे पैसे मोजल्याशिवाय दागेरोटाइपचा धंदा करता येत नव्हता.

आणि मेसेजमध्ये ज्याचं नावच नाही तो इंग्लंडचा टॅल्बट. दागेरच्या प्लेटची प्रत निघत नाही, एक प्लेट म्हणजे एकच फोटो. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती, ही वाट टॅल्बटची. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांनी त्या काळात काढलेले फोटो निगेटिव्हवरून कागदावर छापलेले आहेत. आमच्या माळ्यावरची निगेटिव्हची पाकिटं त्याच वाटेवरची.

भाचीचा चेहरा पडला होता, कारण प्रयोग गेला. मग आम्ही मागच्या खोलीच्या खिडकीला टीव्हीच्या खोक्याचे पुठ्ठे लावले, फटींना काळी चिकटपट्टी मारली आणि मधोमध पेन्सिलीने एक भोक पाडलं. सकाळी अकराचं ऊन. दोन-तीन मिनिटं काहीच दिसेना. मग डोळे अंधाराला सरावले आणि समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या बाजूला, आमच्या गल्लीतला लिंब उलटा उभा राहिला. पानं हलत होती. एक रिक्षा छतावरून गेल्यासारखी उलटी गेली.

“मामा, हे असंच राहू दे ना,” ती म्हणाली, “धरून कसं ठेवायचं?”

निएप्सला 1816 मध्ये हाच प्रश्न पडला होता. वर्गाच्या ग्रुपवर ताईने आता त्या भिंतीचा फोटो टाकलाय आणि खाली लिहिलंय: थर्मामीटरचा प्रयोग करू नका, ज्यांनी पारा काढून ठेवला असेल त्यांनी लगेच फोन करा. एका आईचा फोन आला. वाटी गॅसपाशी ठेवलेली होती.